विन स्कली आणि रेडिओवरचा खेळ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही अमेरिकेतले बेसबॉल समालोचक विन स्कली यांच्यावर एक छोटी चौकट छापली होती. बेसबॉलवर मराठीत कोण पत्र लिहिणार, असं वाटलं होतं. पण पत्रं आली, आणि त्यातली निम्मी कबड्डीची निघाली. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : मुलगी लॉस एंजेलिसला असते. तिचे शेजारी स्कलींविषयी घरातल्या आजोबांसारखं बोलतात म्हणे. ना खेळाडू, ना नट. एका समालोचकाचं एवढं काय? – वाचक, माहीम

आधी तारखा. विन्सेंट एडवर्ड स्कली यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1927 चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. लहानपणी घरी चार पायांवर उभा असलेला मोठा रेडिओ होता. त्याच्याखाली सरपटत जाऊन, डोक्याखाली उशी घेऊन ते सामने ऐकायचे. खेळापेक्षाही वरून अंगावर येणारा गर्दीचा आवाज त्यांना आवडायचा. फोर्डहॅम विद्यापीठात शिकले आणि 1950 मध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या समालोचन कक्षात रेड बार्बर या दिग्गजाच्या हाताखाली रुजू झाले. 1953 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या लढतीचं समालोचन केलं. 1958 मध्ये डॉजर्स संघाने ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिस गाठलं, त्यांच्यासोबत स्कलीही गेले. शेवटचा सामना 2 ऑक्टोबर 2016 ला. म्हणजे भारत प्रजासत्ताक झाला त्या वर्षी सुरुवात आणि सलग 67 हंगाम एकाच संघाचा आवाज. 2 ऑगस्ट 2022 रोजी ते गेले, वय 94.

तरी नुसत्या वर्षांनी माणूस आजोबा होत नाही. आपल्याकडे कसोटी यायची, पाच दिवस घर भारून जायचं, मग महिनोन्महिने काही नाही. बेसबॉलचा एक संघ एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज खेळतो. आता हंगामात 162 सामने असतात, 1961 पर्यंत 154 होते. त्यातच सुरुवातीच्या काळात डॉजर्सचे घरच्या मैदानावरचे सामने टीव्हीवर दाखवत नसत. त्यामुळे संध्याकाळी गाडीत, स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, मुलांच्या उशाशी तोच एक आवाज. मुलीचे शेजारी पन्नाशीपुढचे असतील तर त्यांच्या बालपणातल्या प्रत्येक उन्हाळ्यात हा माणूस रात्री जेवणाच्या वेळी घरात होता. हे नातं आपल्याकडे क्रिकेटच्या समालोचकापेक्षा सातच्या बातम्या देणाऱ्या निवेदकाशी जुळायचं.

प्रश्न : मैदानात बसलेले लोकही ट्रान्झिस्टर कानाला लावून त्यांचं समालोचन ऐकत, असं तुम्ही लिहिलं. समोर सामना दिसत असताना कशाला? – वाचक, चेंबूर

कारण तो नीट दिसत नव्हता! लॉस एंजेलिसला आल्यावर पहिली चार वर्षं संघ कोलिझियममध्ये खेळला. ते मैदान ऑलिंपिक आणि अमेरिकन फुटबॉलसाठी बांधलेलं. त्याच्या लांबोळक्या वाडग्यात बेसबॉलचा पंख्यासारखा पसरणारा आखाडा कसाबसा कोंबला होता. डावीकडची हद्द जेमतेम 251 फुटांवर आली, म्हणून तिथे उंच जाळी उभारावी लागली. उलट बाजूला बसलेल्यांना खेळाडू मुंगीएवढे दिसत. शिवाय शहराला या स्तरावरचा बेसबॉल नवा होता. समोर कोण उभा आहे हे सांगायलाही कुणीतरी हवं होतं.

हजारो ट्रान्झिस्टर एकाच वेळी सुरू असल्याने स्कलींना स्वतःचंच बोलणं स्टँडमधून परत ऐकू यायचं. 1960 मध्ये त्यांनी याची गंमत केली. पंच फ्रँक सेकोरी यांचा वाढदिवस आहे, हे कळल्यावर त्यांनी रेडिओवरूनच प्रेक्षकांना सांगितलं की मी तीन म्हणताच सगळ्यांनी शुभेच्छा द्या. स्टेडियमने एका सुरात दिल्या आणि पंच चक्रावले. 1962 मध्ये डॉजर स्टेडियम उघडलं, तिथे व्यवस्थित दिसायचं. ट्रान्झिस्टर मात्र सुटले नाहीत.

प्रश्न : इंटरनेटवर सँडी कोफॅक्सच्या सामन्याचं ध्वनिमुद्रण मिळालं. आवाज छान आहे, पण ओ की ठो कळत नाही. क्रिकेट कळणाऱ्याला पुरेल एवढं सांगाल का? – वाचक, ठाणे

सांगतो. 9 सप्टेंबर 1965 ची रात्र, डॉजर स्टेडियम, डॉजर्सचा पिचर कोफॅक्स, समोर शिकागो कब्ज हा संघ. तुम्ही ऐकताय तो नववा, म्हणजे शेवटचा डाव.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ छोटे डाव मिळतात आणि एका डावात तीन गडी बाद झाले की पाळी संपते. नऊ त्रिक सत्तावीस. पिचर म्हणजे गोलंदाज, पण तो टप्पा न टाकता 60 फूट 6 इंचांवरून थेट फेकतो. चेंडू ठरलेल्या चौकोनातून गेला आणि बॅटरने सोडला, किंवा त्याने बॅट फिरवून हुकवला, तर तो ‘स्ट्राइक’. चौकोनाबाहेर गेला आणि बॅटरने सोडला तर ‘बॉल’. हा आपल्या वाइडचा लांबचा भाऊ समजा. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर, फुकट जायला मिळतं. समालोचक ‘टू अँड टू’ म्हणतो तेव्हा आधी बॉल, मग स्ट्राइक. हा क्रम कानात बसला की अर्धं काम झालं.

आता ‘परफेक्ट गेम’. सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद, एकही बेसवर पोहोचला नाही. फटका नाही, फुकटचा बेस नाही, क्षेत्ररक्षणाची चूकही नाही. त्या रात्री कोफॅक्सने ते केलं, 14 जणांना स्ट्राइकवर बाद करून. डॉजर्स 1-0 ने जिंकले. समोरच्या बॉब हेन्डलीनेही अख्ख्या सामन्यात एकच फटका दिला होता, बिचाऱ्याचं नाव आता कोफॅक्सच्या गोष्टीतच येतं.

ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. स्कली पुन्हा पुन्हा घड्याळ सांगतात. शेवटचा बॅटर हार्वी कीन बाद होतो तेव्हा ते रात्रीचे 9 वाजून 46 मिनिटं झाल्याचं, शहराचं नाव आणि 29,139 प्रेक्षकांचा आकडा सांगतात. हा अलंकार नव्हे. असा डाव रंगात आला की खेळाडूला आठवण म्हणून देण्यासाठी तेवढा भाग टेप करून घ्यायची त्यांची पद्धत होती. टेपच्या डबीवरची चिठ्ठी हरवते. आवाजातच तारीख-वेळ असली की ती हरवत नाही. आणि चेंडूचं वर्णन ऐकलंत तर चेंडू हवेत असताना ते जवळजवळ काहीच बोलत नाहीत. ताशी 90 मैलांचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात पोहोचतो, तेवढ्यात ‘पहा’ एवढंच म्हणून होईल. सगळं वर्णन फेकीच्या आधीचं आहे: कोफॅक्स घाम पुसतो, टोपी सारखी करतो, श्वास घेतो. श्रोत्याचा श्वास अडकतो तो तिथे.

प्रश्न : स्कली सामन्याच्या सर्वांत मोठ्या क्षणी गप्प राहत म्हणे. रेडिओवर हा दोष नाही का? श्रोत्याला वाटेल रेडिओ बंद पडला. – वाचक, गोरेगाव

वाटेल, जर मागे काही ऐकू येत नसेल तर. कोफॅक्सच्या शेवटच्या स्ट्राइकनंतर स्कली सुमारे 38 सेकंद बोलले नाहीत. 8 एप्रिल 1974 ला अटलांटात हँक आरनने कारकिर्दीतला 715 वा होमरन (आपल्या षटकारासारखा, थेट हद्दीपार फटका) मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हाही त्यांनी आधी गर्दीला बोलू दिलं. मग अमेरिकेच्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीय माणसाला लोक उभं राहून दाद देत आहेत, हे शांतपणे सांगितलं. 1988 मध्ये कर्क गिब्सनच्या होमरननंतर तर मिनिटाहून जास्त शांतता होती. ते मात्र टीव्हीवर, तिथे चित्र मदतीला असतं.

ही शांतता पोकळ नव्हती कारण गर्दीसाठी वेगळा माईक होता. आपल्याकडे मंडळाच्या कबड्डी स्पर्धेचं समालोचन मोबाइलवरून ऐकवणारे इथेच फसतात. कॉलिंगच्या बहुतेक ॲपमध्ये गोंगाट गाळण्याची सोय आपोआप चालू असते. तुम्ही गप्प बसलात की ॲप गर्दीलाच गोंगाट समजून पुसून टाकतं, आणि ऐकणारा फोन आपटून बघतो. ती सोय बंद करा. काही ॲपमध्ये त्यासाठी ‘मूळ आवाज’ किंवा संगीताचा पर्याय चालू करावा लागतो. बोलण्याचा माईक ओठांपासून तीन-चार बोटांवर, थोडा तिरका. दुसरा माईक प्रेक्षकांकडे तोंड करून, पण भोंगा आणि ढोल-ताशाच्या पाठीमागे. गर्दीची पातळी तुमच्या आवाजापेक्षा साधारण 12 ते 15 डेसिबल खाली ठेवा. आवाज आपोआप वर-खाली करणारं बटण बंद हवं. नाहीतर तुम्ही थांबताच गर्दी उसळते आणि तुमचं पुढचं पहिलं वाक्य त्याखाली चेंगरतं. ते वाक्य नेमकं निकालाचं असतं.

प्रश्न : आमचं मंडळ दरवर्षी कबड्डीची स्पर्धा भरवतं. यंदा गावाकडच्या आणि परदेशातल्या सभासदांसाठी फक्त आवाजाचं समालोचन करायचं आहे. गेल्या वर्षी तक्रार आली की स्कोअरच कळत नाही. स्कलींकडून इथे काय घेता येईल? – वाचक, प्रभादेवी

या तक्रारीवरचा उपाय स्कलींच्या गुरूंचा आहे. रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत, अंडं उकडायला वापरतात तसलं. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. बोलणाऱ्याला स्कोअर पाठ असतो, म्हणून तो सांगायचं विसरतो. आणि श्रोता तर मध्येच येऊन बसलेला असतो.

कबड्डीला तीन मिनिटं फार झाली. चढाई 30 सेकंदांची, तेवढ्या वेळात पाच-सहा चढाया होऊन एखादं लोणही (अख्खा संघ बाद) चढू शकतं. आमच्या मते दर दुसऱ्या चढाईनंतर नुसते आकडे, आणि दर तीन मिनिटांनी पूर्ण हिशेब: कोणते संघ, कितवं सत्र, किती मिनिटं उरली, कोण कितीने पुढे. फोनवर कंपनाचा गजर लावा, पण फोन टेबलावर नको, ती घरघर माईकच्या स्टँडमधून थेट कानात जाते. खिशात ठेवा.

त्याहून महत्त्वाचा आहे समोरच्या खेळाडूंचा आकडा. बेसबॉलचा समालोचक प्रत्येक चेंडूआधी किती बाद आणि कोणत्या बेसवर कोण हे सांगतो, तसं तुम्ही प्रत्येक चढाईआधी ‘समोर पाच’, ‘समोर तीन’ म्हणायला हवं. सगळं नाट्य त्या आकड्यात आहे. समोर सहा किंवा सात असतील तरच बोनस रेषेचा उपयोग. तीन किंवा कमी असताना पकड झाली तर अव्वल पकड, एक जादा गुण. एकच उरला असेल तर लोणाचे दोन गुण दारात उभे. प्रेक्षक हे डोळ्यांनी मोजतो, श्रोत्याला मोजून द्यावं लागतं.

वाक्याचा क्रम असा धरा: कोण चढाईला, समोर किती, कुठल्या कोपऱ्याकडे, काय झालं, स्कोअर. उदाहरणार्थ, ‘निलेश चढाईला. समोर चार. उजव्या कोपऱ्याकडे झुकतोय, पाय टाकला, मागे आला... पुन्हा तिकडेच... घोटा धरला! मध्यरेषेवर झटापट... पंच बघतायत... पकड यशस्वी. अठरा-पंधरा.’ पंचांनी हात करण्याआधी निकाल सांगू नका. मध्यरेषेवर बोट टेकलं की नाही हे तुमच्या टेबलावरून दिसत नाही, आणि एकदा ‘बाद’ म्हणून परत घेतलंत की पुढच्या दहा चढायांवर कुणी विश्वास ठेवत नाही. डावा-उजवा बचाव करणाऱ्या संघाच्या नजरेने धरा आणि सामना सुरू होताना एकदा तसं सांगून टाका. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, हेही पहिल्या पाच मिनिटांत एकदा आलं पाहिजे. नाहीतर ऐकणारा आपल्या मनाने क्रिकेटचं मैदान आखतो.

प्रत्येक संघासाठी जाड पुठ्ठ्यावर एक ए-फोर कागद. त्यावर सातही जण जिथे उभे राहतात तसेच लिहा, दोन्ही कोपरे वर, बाकीचे मधे, बदली खेळाडू तळाला. यादी वरून खाली लिहिलीत की नाव शोधायला दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात गडी सुटतो. एका संघात दोन पाटील आणि तीन सावंत असणारच, तेव्हा आडनाव सोडा. पहिलं नाव आणि बनियनचा क्रमांक. बाद झालेल्यावर नाणं ठेवा, परत आला की उचला. पेनने खोडाखोड करू नका, उत्तरार्धात तो कागद वाचता येत नाही.

स्कलींच्या गोष्टी सांगण्याची नक्कल मात्र टाळा. ते फेकींच्या मधल्या वेळात एखादी गोष्ट सांगत, मधेच ‘बॉल वन’ म्हणून तिथूनच पुढे जात. बेसबॉलमध्ये तेव्हा वेळ होता. आता 2023 पासून बेसवर कुणी नसताना पिचरला 15 सेकंदांत फेकावं लागतं, तिथेही अशा गोष्टी मावणं कठीण. कबड्डीत मध्यंतर पाच मिनिटांचं, गोष्ट तिथे सांगा.

प्रश्न : स्कलींना पगार डॉजर्सचा आणि तरी ते निःपक्षपाती म्हणे? पटत नाही. – वाचक, विलेपार्ले

पटायला जड आहे खरं. तिथे संघाचा समालोचक म्हणजे बहुतेक वेळा संघाचाच माणूस, आणि बरेच जण सरळ ‘आपण जिंकलो’ म्हणतात. बार्बर यांनी स्कलींना ते निषिद्ध करून ठेवलं होतं. दुसऱ्या समालोचकांचं ऐकत बसू नकोस, असंही बजावलं होतं. स्कलींच्या तोंडी ‘आपण’ नसे, ‘डॉजर्स’ असे, आणि प्रतिस्पर्ध्याचा झेल चांगला असेल तर तो चांगला असे. त्याच संघाचं स्पॅनिश समालोचन हाइमे हारिन यांनी 1959 ते 2022 असं केलं. एका शहरात, एकाच संघासाठी, दोन भाषांत दोन आयुष्यं गेली.

प्रश्न : स्कली एकटेच समालोचन करत म्हणे. आमचे वडील बॉबी तल्यारखान यांच्याबद्दल हेच सांगत. – वाचक, गिरगाव

वडील बरोबर सांगत. ए. एफ. एस. तल्यारखान मुंबईतल्या चौरंगी आणि पंचरंगी क्रिकेट सामन्यांच्या काळात दिवसभर एकट्याने इंग्रजीत बोलत. मध्ये जेवण आणि चहा, बस्स. माइक दुसऱ्याच्या हाती द्यायला ते राजी नसत. स्कलींचं कारण वेगळं होतं. कक्षात दोघे असले की ते एकमेकांशी बोलू लागतात आणि श्रोता त्यांच्या गप्पा बाहेरून ऐकतो. एकटा असला की तो श्रोत्याशीच बोलतो. नंतरच्या काळात स्कलींचे पहिले तीन डाव टीव्ही आणि रेडिओवर एकदम जात, पुढचे फक्त टीव्हीवर.

मराठीत ही भाषा घडवण्यात पुण्याचे क्रिकेट समालोचक बाळ ज. पंडित यांचा मोठा वाटा आहे. प्रभादेवीच्या मंडळाने बेसबॉलआधी त्यांचं काही ऐकायला मिळतं का ते पाहावं.

प्रश्न : माळ्यावर वडिलांनी टू-इन-वनवर टेप केलेल्या क्रिकेट समालोचनाच्या वीसेक कॅसेट सापडल्या. काहींवर पांढरं काहीतरी धरलंय. वाचवता येतील? – वाचक, डोंबिवली

बहुतेक येतील, पण घाईने लावू नका. ते पांढरं म्हणजे बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. तशी कॅसेट चालू केलीत तर यंत्राचं हेड (टेप वाचणारा भाग) बरबटतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. मग तोंडाला मास्क लावून, उघड्या खिडकीशी, षटकोनी पेन्सिल चाकात घालून हळूहळू फिरवा आणि टेपला मऊ कोरडं कापड हलकेच टेकवत जा. डांबरगोळ्या डब्यात नकोत.

चांगल्या कॅसेट आधी करा. प्रत्येक कॅसेट ऐकण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. टेपला हेडवर दाबणारी स्पंजची छोटी गादी गळून पडली असेल तर आवाज लांबून आल्यासारखा येतो; दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटमध्ये टेप हलवा. 120 मिनिटांची टेप फार पातळ असते, तिला वारंवार मागे-पुढे करू नका.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, रबराचं चाक मात्र साबणाच्या सौम्य पाण्याने. समालोचन घशात अडकल्यासारखं वाटलं तर दोष सहसा टेपचा नसतो. वडिलांच्या यंत्राचं हेड किंचित तिरकं असेल, तुमचं सरळ असेल. हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव फेऱ्याच्या आत इकडेतिकडे फिरवा, ‘स’ आणि ‘श’ लख्ख ऐकू आले की थांबा.

यंत्राच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाच्या माईकच्या भोकात घालू नका, आवाज फाटतो. लाइन-इन असलेला यूएसबी इंटरफेस घ्या, लॅमिंग्टन रोडला साधे मिळतात. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. आवाजाची शिखरं उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान. नव्वद मिनिटांची स्टीरिओ फाइल साधारण दीड जीबी होते. त्या मूळ फाइलला हात लावू नका, खरखर काढणं वगैरे प्रयोग प्रतीवर करा. खरखर जास्त काढलीत तर गर्दीही निघून जाते.

समालोचकाचा आवाज चिरका वाटला तर वेग तपासा. मुद्रणात विजेची घरघर उमटली असेल तर संगणकावरच्या ध्वनीच्या आलेखात ती 50 हर्ट्झला दिसायला हवी. 51 ला दिसली तर टेप दोन टक्के वेगाने फिरते आहे. ती घरघर तुमच्याच यंत्राची नाही ना, हे टेप थांबवून आधी बघा.

राहिला सामना ओळखण्याचा प्रश्न. वडिलांनी डबीवर फक्त ‘वानखेडे’ लिहिलं असेल तर तो 1975 चा किंवा त्यानंतरचा, एवढंच कळतं. दोन्ही फलंदाजांची नावं, त्या क्षणीचा धावफलक आणि कोणत्या टोकाकडून कोण गोलंदाजी करतो, हे ऐकून कागदावर लिहा आणि छापील धावफलकांशी ताडून पाहा. गडी कितीवर बाद झाला हा आकडा सहसा एकाच सामन्याशी जुळतो. जुळला की फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने तारीख टाका, म्हणजे वीसही फाइल आपोआप ओळीने लागतील. डबीवर पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई दमट हवेत पसरते.